न ऐकलेला निरोप

कोंडिबानं एकट्यानं ज्योत आणायचं ठरवलं, तेव्हा हसून हसून अख्ख्या न्हावरे गावाच्या पोटात दुखलं. बाप-आजा मेंढरांमागं हिंडले म्हणून पन्नाशीच्या गड्यानं स्वतःला एस.टी. समजावं? नवरात्राची ज्योत तुळजापुराहून पोरं आळीपाळीनं पळत आणतात. एक दमला की दुसऱ्याच्या हातात. मागं टेम्पो, त्यात भेळ आणि टेप. पण त्या साली, नव्याण्णवला, कोंडिबाची बायको कस्तुराबाई आषाढापासून अंथरुणाला खिळलेली. ती उठावी म्हणून यानं नवस बोलला, ज्योत हात बदलणार नाही.

"मामा, मामीला इचारलं का?" पोरांनी डिवचलं.

"इचारलं तर म्हणंल, आधी दळण आणा."

सोलापूर मागं पडेपर्यंत गंमत चालली. भिगवणपाशी त्याच्या अंगठ्यांची नखं काळी पडली. झोप म्हणजे मशालीचा दांडा मनगटाला बांधून टेम्पोच्या फाळक्याला घटकाभर टेकायचं. कुरकुंभला तो ओरडला, "मेंढरं बाजूला घ्या की रं!" रस्ता मोकळा होता. कुणीतरी टेप बंद केला. त्यानंतर तो फक्त पुढच्या बाभळीपर्यंत पळायचा, तिथं पोचला की पुटपुटायचा, "कस्तुरे, आजून एक."

केडगाव सोडलं तेव्हा दिवस नुकताच वर आला होता. समोरून मेहुणा रखमाजी मोटारसायकलवर आला. तोंड पांढरंफटक. घरचं मरण कानावर पडलं की सुतक लागतं, आणि सुतकातल्या हातात देवीची ज्योत चालत नाही.

"रखमाजी, बोलू नगंस!" तो आधीच ओरडला. "देवळापतूर एक शबूद न्हाई. मला समदं कळलंय."

रखमाजी थबकला. आपण निघाल्यावर मागून फोन आला असेल, आपल्या आधी बातमी इथं पोचली असेल, असं त्याला वाटलं. तो रस्त्यातच बसून रडायला लागला. ते रडणं बघून कोंडिबाला उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

आता पळायचं कुणासाठी? तरी पाय थांबेनात. थांबलं तर तिच्या नावाचं एवढंही विझेल. पोरं दोन्ही बाजूंनी पळू लागली, रखमाजी गाडी हळू चालवत मागं राहिला. गाडीवर तासाभराचा रस्ता. त्याला दिवस मावळला. गावानंही वेशीत तोंड उघडलं नाही.

गुरवानं ज्योत घेतली. कोंडिबा पायरीवर बसला. "आता सांग. कवा गेली?"

रखमाजी गोंधळला. "दाजी, मी निघालो तवा बोलत हुती की. तिनंच धाडलं मला. म्हणली, ज्योत पोरांकडं द्या म्हणावं, आन् त्यांना गाडीवर घालून आण. एकदा बघू दे."

शेजारची जाईबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दुपारी गेली. गाडी वाजली की दाराकडं मान वळवायची."

कोंडिबा उठायला गेला, गुडघे वळेनात. घर देवळामागंच. पोरांनी त्याला खांद्यावर उचललं.

"सोडा रं," तो म्हणत होता, "मी पळत जातो."