बायजाक्काचं धनुष्य

काल नातवाच्या काठीला जवसाचं तेल लावताना त्या वासानं मला सोलापुरातलं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, धनुष्याचं दुकान आठवलं.

अक्कलकोटाकडची मेंढपाळ बायजाक्का आली होती. कोकरं नेणाऱ्या लांडग्यासाठी तिला धनुष्य हवं होतं. शेजारच्या दुकानदारानं तिला हसून परत पाठवलं होतं. अण्णांनी तिला दोरी ओढून बघायला लावली आणि तिच्या हाताला झेपेल असा बांबू तासून दिला.

वर्षानं ती पुन्हा दारात उभी! अण्णा धसकलेच. “मोडलं का गं?”

“न्हाय वो अण्णा. लांडगा फिरकत न्हाय आता. ह्या आमच्या चौघीजणी हायत, ह्यास्नी बी द्या की.”

तेव्हा चार धनुष्यं खपली म्हणून मी हरखले होते. आज अभिमान वाटतो तो अण्णा तिला हसले नाहीत याचा.