गलक्यातली हाक

"गोंगाटात आपलं कुणी नसतं, गलक्यात असतं," असं मंगलाताई नेहमी म्हणायच्या.

लेक देवश्रीला ते पाठ होतं. देवास गेटच्या बस अड्ड्यासमोर त्यांची खोली होती आणि बाबा खाली प्रवासी बोलवायचे, "इंदौर, इंदौर!" हॉर्न, फेरीवाले, भांडणं, त्या सगळ्या गलक्यातून आई तेवढी एक हाक निवडून ऐकायची. हाक थांबली की तवा चढवायची. बाबा जिना चढून येईपर्यंत पोळी फुगलेली असे.

बाबा गेले आणि देवश्रीनं आईला आपल्या कॉलनीत आणलं. इथे इतकं शांत, की तवा केव्हा चढवावा हेच आईला कळेना.

आज पाच वाजता आईनं पिशवी उचलली. "अड्ड्यावर जरा बसून येते."

"तिथे काय आहे आता? नुसता हल्ला-गुल्ला!"

"तुला हल्ला-गुल्ला, बाई. मला गलका."

"मग कारनं सोडते."

"काचा बंद करून? मग ऐकू काय मी, तुझा एसी?"

देवश्री हसली, मग हळूच म्हणाली, "आई, बाबांची हाक नसेल गं तिथे."

"नसू दे. ती ज्यात मिसळायची, ते तर असेल."

मंगलाताई निघाल्या. आधी हळू, मग कोपऱ्यापाशी भराभर. त्या दिसेनाशा होईपर्यंत देवश्री फाटकाशी उभी होती.