ज्याचं घर, त्याची चटणी

दमलं की माणूस आडवं होतं. रायापूरच्या आमच्या अक्का दमल्या की बटाटे तळायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच कढईपुढं. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मला नोकरी लागली होती आणि हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या रायापुरात अक्कांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. घरमालकीण थोरल्या मुलाकडं मंगळूरला गेली आहे, एवढंच शेजारणीनं किल्ली देताना सांगितलं होतं. एके दिवशी संध्याकाळी शाळेतून परतले, तर मागच्या स्वयंपाकघरातून स्टोचा आवाज येत होता. आत डोकावले. पत्र्याची ट्रंक दारातच पडलेली, अंगावरचं लुगडं प्रवासात चुरगळलेलं, आणि एक ठेंगणी, काळीसावळी बाई झाऱ्यानं बटाट्याची भजी उलटत होती. त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही.

"आलीस? ये. फार दमलोय बघ. तेवढे बटाटे चीर की."

स्वतःबद्दल बोलताना त्या 'आलो', 'दमलो' असंच म्हणायच्या. आमच्या भागातल्या जुन्या बायकांची ती रीतच. मी बटाटे चिरता चिरता म्हटलं, "अक्का, इतक्या लांबून आलात, जरा पडायचं तरी." त्या म्हणाल्या, "पडलो की डोक्यात नको नको ते येतं. तेलापुढं उभं राहिलं की दुसरीकडं लक्ष देता येत नाही. हात भाजतो."

पुढं बरीच वर्षं मी त्या घरात राहिले. तेव्हा कळलं, की हे काही त्या दिवसापुरतं नव्हतं.

अक्कांचं माहेर मिरजेकडचं. यजमान धारवाडच्या कोर्टात कारकून होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. अप्पांच्या ओळखीतली काही मराठी मंडळी बदली मागून मुंबई राज्यात निघून गेली. अप्पा राहिले, कारण रायापुरात घराचा पाया नुकताच भरून झाला होता. अक्कांना कुणी विचारलं नाही. "माहेर परराज्यात गेलं बघ," असं त्या सांगायच्या, "आणि मी चुलीपुढून हललोसुद्धा नाही." हे त्या हसत सांगायच्या, पण ते हसणं शेवटपर्यंत पोचायचं नाही. मधेच कुठंतरी थांबायचं.

अप्पा गेले आणि तिन्ही मुलांनी ठरवलं, की आईनं एकटं राहायचं नाही. थोरला मंगळुरात, मधला श्रीकांत बेंगळूरला, धाकटा पुण्यात. आईनं पाळीपाळीनं सगळ्यांकडं राहावं. मुलं वाईट नव्हती. प्रत्येकाला आई हवी होती, पण ज्याला जेव्हा गरज तेव्हा. कुणाकडं बाळंतपण, कुणाकडं परीक्षा, कुणाच्या बायकोचं पाठीचं दुखणं. अक्का ट्रंक उचलून निघायच्या. दोन घरांच्या मधल्या काळात घराला वारा लागावा म्हणून रायापूरला यायच्या, कोळिष्टकं काढायच्या, आणि पुन्हा कुणाची तरी तार यायची.

जातील त्या घरी पहिल्या दिवशी त्या बटाट्याची भजी करायच्या. सासू आली म्हणून सून धास्तावलेली असते, नातवंडं लाजलेली असतात. तळलेल्या बटाट्याला मात्र कुणी नको म्हणत नाही, असा त्यांचा हिशेब. "बटाटा सगळीकडं एकच गं," त्या म्हणायच्या. "भांडण असतं ते चटणीचं."

मंगळूरला पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली आणि आपल्या सवयीनं त्यात लसूण घातली. थोरली सून रेवती तिकडचीच, कोकणी बोलणारी. तिच्याकडं बटाट्याचे पातळ काप तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात तळायचे, आणि चटणीत खोबरं, हिरवी मिरची, आलं, वरून मोहरीची फोडणी. लसूण नाही. सगळ्यांनी भजी संपवली आणि चटणीची वाटी जशीच्या तशी परत आली. अक्कांनी ती रात्रीच्या भाताशी एकटीनं संपवली आणि दुसऱ्या दिवसापासून लसूण सोडली. त्या घरात पुन्हा त्यांनी लसणीला हात लावला नाही.

बेंगळूरला बटाट्याचे बोंडे. त्यांच्याबरोबर भाजलेल्या डाळ्याची पांढरी, पातळ, पळीवाढी चटणी. "ताकासारखी," अक्का म्हणायच्या. तीही त्या शिकल्या. मग नातवंडं मोठी झाली आणि चटणीऐवजी टेबलावर टोमॅटो सॉसची बाटली आली. बाटली उलटी धरून तिच्या बुडावर थापट्या मारत बसलेला नातू त्या मला करून दाखवायच्या. "मी आपला बसलोय बघत. ते पडतंय कधी, पोरगं खातंय कधी, आणि मी झोपतोय कधी!" पुण्याला चिंच-गुळाची गोड चटणी, खजूर घालून. मिरजेच्या बाईनं भज्याला गूळ लावायचा, ही कल्पनाच त्यांना सुरुवातीला सोसवत नव्हती. माहेरी त्या हिरव्या मिरचीचा खर्डा खात वाढलेल्या, लसूण-शेंगदाणे घालून तव्यावरच तांब्यानं रगडलेला. पण धाकट्या सुनेची पोरं तिखटानं रडायला लागली, तशी त्यांनी चिंच भिजत घातली.

"तुम्ही एकदा तुमची करून घाला की त्यांना," मी एकदा म्हटलं.

"ज्याचं घर, त्याची चटणी," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. बस चुकलेलं माणूस दुसऱ्या बसची वेळ सांगतं, तसं सांगितलं.

बोलण्याचंही तेच. पुण्याच्या नातवंडांना आजीचं 'आलो-गेलो' ऐकून हसू यायचं. बेंगळूरची नातवंडं तिच्या धारवाडी कानडीतल्या 'हौद्री'ला, म्हणजे 'हो जी'ला, हसायची. मंगळुरात कोकणी सगळी कळायची नाही, म्हणून त्या तिथं गप्प असायच्या. रायापूरला आल्या की मात्र दोन-तीन दिवस नुसत्या बोलत सुटायच्या, शेजारणीशी कानडीत, माझ्याशी मराठीत, भाजीवालीशी दोन्हीत. मग आवाज बसायचा. मग तार यायची.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. एका दिवाळीनंतर तिन्ही मुलं बायकांसह एकदम रायापूरला आली. मला वाटलं, आईला भेटायला. अक्कांनाही तसंच वाटलं असावं, कारण सकाळपासून त्या उभ्या होत्या. खोबरं खोवलं, डाळं भाजलं, चिंच कोळली. मला शनिवारची अर्धी शाळा होती. येताना धारवाडच्या सुभाष रोडवरून सॉसची बाटली आणायला सांगितली होती, म्हणून मी रायापूरला न उतरता पुढं धारवाडला जाऊन ती घेऊन आले. एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेली ती तीन मुलं, आणि आता तिघांना तीन चटण्या लागत होत्या. कढईत भज्यांचा घाणा सोडलेला होता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून थोरल्यानं आवाज दिला, "आई, जरा बस बघू इथं. बोलायचंय."

घर विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही बघून झालं होतं. घर बंद राहून खराब होतंय, आईची धावपळ होते, त्यापेक्षा तिनं आता कायमचं मुलांकडंच राहावं. थोरल्यानं सगळं नीट, प्रेमानं सांगितलं. मी दारात सॉसची बाटली घेऊन उभी होते. आत जावं की परत फिरावं, कळेना.

अक्कांनी ते स्वयंपाकघराच्या दारातच उभं राहून ऐकलं, मग त्या आत गेल्या. त्यांनी स्टो बंद केला. भजी अजून कच्ची होती. तळण अर्धवट टाकून त्या बाहेर आल्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि पाय लांब केले.

"साक झालं," त्या म्हणाल्या. कानडीतला 'साकु', पुरे. आमच्याकडं मराठीतही तोच शब्द चालतो.

"म्हणजे काय आई?"

"म्हणजे मी आता कुठं जात नाही."

"अगं, एकटी कशी राहशील? काही झालं तर?"

"झालं तर होऊ दे की. तिकडं काय होत नाही? तुमच्याकडं मी दमतोच. इथंही दमतो. पण इथं दमलो तर कुणाच्या मधे येत नाही." मग, कुणाकडं न बघता, "मी आहे तोवर हे राहू दे. नंतर विका. मी बघायला येत नाही."

धाकटी सून रडायला लागली. थोरला उठून अंगणात गेला. श्रीकांत, मधला, तेवढा जागेवरून उठून स्वयंपाकघरात गेला. स्टो पेटवायला त्याला बराच वेळ लागला. मग तेलाचा आवाज आला आणि थोड्या वेळानं जळल्याचा वास. मी आत जायला निघाले, तर अक्कांनी हातानंच थांबवलं. तो एका ताटलीत भजी घेऊन आला. काही काळी, काही आत कच्ची. पुढं ठेवून म्हणाला, "आई, कशाशी खाणार?"

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता, मीसुद्धा नाही.

"मीठ दे," त्या म्हणाल्या. "पुरे."

त्यांनी ती सगळी भजी खाल्ली, करपलेलीसुद्धा.

घर राहिलं. अक्काही राहिल्या. त्यांच्यात फार मोठा बदल झाला असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांचा शीण असा एका 'साक'नं उतरत नाही. गुडघे धरायचे, धाप लागायची, मुलांची पत्रं आली की दोन दिवस घास उतरायचा नाही. कधी म्हणायच्या, "चुकलं का गं माझं?" मी नाही म्हणायचे, आणि त्या ऐकल्या न ऐकल्यासारखं करायच्या. पण दुपारी आता त्या दार उघडं टाकून खुशाल झोपायच्या. आणि बाजारात ओल्या लाल ब्याडगी मिरच्या आल्या, की मला पाटी भरून आणायला लावायच्या. देठं काढून, पुसून, मीठ, लसूण, मेथी आणि लिंबाचा रस घालून त्या मिरच्या पाट्यावर वाटायच्या आणि बरणीत मुरत ठेवायच्या. त्याला धारवाडकडं रंजका म्हणतात. खाताना त्यात दही कालवायचं. लग्न होऊन आल्यावर शेजारच्या कानडी बाईकडून त्या ते शिकल्या होत्या. मिरजेचंही नाही आणि कुठल्या मुलाच्या घरचंही नाही, असं ते तिखट. "हे माझं," असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण माझ्या पानात वाढताना हात जरा सैल सोडायच्या.

एका माघात, दुपारच्या झोपेतच त्या गेल्या.

मुलं आली, सगळं झालं. निघायच्या दिवशी रेवती स्वयंपाकघर आवरत होती आणि मी मदतीला होते. तिचेही केस आता पांढरे झाले होते. वरच्या फळीवरची बरणी काढून तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि मला विचारलं, "हे काय?"

"रंजका. अक्कांनी केलेलं."

तिनं बोटावर घेऊन जिभेला लावलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मिरचीनं, की कशानं, मी विचारलं नाही.

"आमच्याकडं कधी केलं नाही हो त्यांनी," ती म्हणाली. "एकदाही नाही. मी विचारलंच नाही कधी."

बाहेर थोरला ट्रंका मोजत होता, गाडीची वेळ झाली म्हणून हाक मारत होता. रेवती उठली नाही. तिथंच जमिनीवर बसली, आणि बटाटा नाही, भाकरी नाही, दहीसुद्धा नाही, नुसतं तळहातावर घेतलेलं ते तिखट बोटानं हळूहळू चाटून तिनं संपवलं. नाक पुसलं. मग बरणी माझ्याकडं सरकवली आणि हात पुन्हा पुढं केला.

"वाढा," ती म्हणाली.