गायकवाड मॅडमचा भोंगा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉलेजच्या गेटबाहेर गटाराशी उकिडव्या बसून पाण्यात शेंगदाण्याची टरफलं सोडत होत्या. अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स आणि सगळं लक्ष त्या टरफलांवर. बोरिवलीच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला माझा तो नोकरीचा पहिला दिवस. कुणा विद्यार्थ्याची आई असावी, चक्कर आली असावी, असं वाटून मी जवळ गेलो आणि विचारलं, "मावशी, पाणी आणू का?" त्यांनी मान वर केली नाही. "पाणी इथे भरपूर आहे. तू आधी उजेडातून बाजूला हो. हे टरफल बघ. गटाराचा उतार तिकडे आणि हे येतंय इकडे. खाडीला भरती लागलीय, ते आपल्या गेटवर कळतंय." मग हात झटकून उठल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, "आणि मावशी कोणाला म्हणतोस रे? मी इथे फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते."

डॉ. प्रज्ञा गायकवाड. मूळच्या हिंगोलीकडच्या, वाढल्या कुर्ल्यात. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या स्टाफरूममध्ये कोणाची छाती झाली नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठल्याही मीटिंगमध्ये कुठलाही नवा नियम वाचून झाला की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "ते ठीक आहे हो, पण पाणी जाणार कुठे?" मुलांची हजेरी सक्तीची केली तेव्हा हेच विचारलं, शिपायाची रजा नाकारली तेव्हाही हेच. कोणालाही दाबलं की तो कुठून तरी बाहेर पडणार, आणि तो कुठून पडणार याचा विचार दाबणाऱ्याने आधी करावा, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. प्राचार्यांना हे वाक्य ऐकलं की आम्लपित्त व्हायचं.

त्यांच्या अभ्यासाचा विषयही तोच होता. दहिसर नदी पावसाळ्यात डोंगरावरून पाणी घेऊन उतरते. नेमकं त्याच वेळी खाडीला उधाण असलं तर ते पाणी समुद्रात जाऊच शकत नाही, मागे फिरतं आणि काठावरच्या घरांत शिरतं. नुसत्या पावसाने बुडत नाही, नुसत्या भरतीनेही बुडत नाही. दोन्ही एकत्र आले की बुडतं. हे एकत्र येणं काही तास आधी ओळखता येईल का, हे त्या वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर मांडत होत्या. परिषदांना जायच्या, तिथे चहाच्या वेळी लोक "आंतरविद्याशाखीय" असा शब्द वापरायचे, तेव्हा त्या बिस्किट घ्यायला उठून जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "परब, माझा पेपर छापून येईल तेव्हा येईल. पाणी त्याच्याआधी येईल. तुझा तो रेडिओ कामाचा आहे का नुसता प्रोजेक्टपुरता?"

मी दूरसंचार शिकवतो. अगदी थोड्या बॅटरीवर महिनोन्महिने चालणारे आणि लांबवर निरोप पोचवणारे छोटे रेडिओ, हा माझा उद्योग. मोबाइलचं नेटवर्क पावसात झोपलं तरी ते चालतात. मग आम्ही दोघांनी मिळून नदीवरच्या पादचारी पुलाखाली एक पेटी लावली. ती खाली पाण्याच्या दिशेने आवाज सोडायची आणि तो किती वेळात परत येतो यावरून पाणी किती वर आलं ते ओळखायची. ती माहिती रेडिओने कॉलेजच्या गच्चीवर, तिथे मॅडमचं गणित, आणि गणित म्हणालं की दहिसरच्या काठावरच्या एकता चाळीत हॉलच्या पत्र्यावर भोंगा. भोंगा वाजला की चाळीने सामान सोडून उंचावरच्या शाळेत जायचं, असं ठरलं. भोंगा बसवला त्या दिवशी चाळीतल्या अगदी खालच्या खोलीत राहणाऱ्या शेट्येकाकू कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाल्या, "गिरणीचो भोंगो बंद झालो, आता ह्यो बाईंचो!" त्यांचे यजमान गिरणीत होते.

पहिला भोंगा वाजला तो गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या दुपारी. ऐन जेवणाची वेळ. चाळीची नुसती पळापळ झाली. कोणाची आमटी करपली, कोणी तान्हं पोर उलटंच उचललं, एक म्हातारी घसरून तिचं मनगट मोडलं. सगळी चाळ शाळेच्या व्हरांड्यात घामाघूम होऊन बसली, आणि खाली नदी ओहोटीची, तळ दाखवत पडलेली. आम्ही पुलावर धावलो. पुलाखालच्या आडव्या पाइपाला निर्माल्य अडकलं होतं. हार, केळीचे खुंट, थर्माकोलची मखरं, सगळ्याचा एक ढीग झाला होता आणि पेटी त्या ढिगाच्या माथ्याला पाणी समजून बसली होती. मॅडम कठड्याला धरून खाली वाकल्या. "पुलाच्या मधोमध लावली, कारण पुस्तकात मधोमध लावतात," त्या म्हणाल्या. "आणि लोक निर्माल्य टाकतात तेही मधोमध उभं राहून. नदीत निर्माल्य कुठे तुंबतं यावर मी आख्खा पेपर लिहिलाय, परब. पेटी बरोब्बर तिथेच लावली." मला हसू आलं आणि त्यांनी ते पाहिलं, पण रागावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी तोडगा काढून ठेवला होता: "नेटवर्कमध्ये तांत्रिक बिघाड झाला" असं चाळीला कळवायचं, भोंगा उतरवायचा आणि समिती नेमायची. म्हणजे खापर माझ्या रेडिओवर. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"परबच्या रेडिओने जे ऐकलं ते नीट पोचवलं. पेटी चुकीच्या जागी मी लावली. हेच सांगायचं."

"मॅडम, संस्थेची बदनामी होईल."

"होऊ द्या. बदनामीत कोणी बुडत नाही, सर."

"आणि भोंगा उतरवावाच लागेल."

"मी नाही उतरवणार. तुम्हाला हवा तर शिडी माझ्या लॅबमध्ये आहे. तुम्ही चढा, मी खालून धरते."

प्राचार्यांना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघायचीही भीती वाटते, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. भोंगा राहिला.

तिथून निघाल्यावर जिन्याच्या वळणावर मॅडम थांबल्या, भिंतीला टेकल्या आणि मोठमोठे श्वास घेऊ लागल्या. हृदयाच्या झडपेचं दुखणं त्यांना होतं हे मला तेव्हाच कळलं. झडप कडक होऊन अरुंद झाली होती. डॉक्टरांनी जिने आणि धावपळ बंद सांगितली होती. "कोणाला बोललास तर बघ," एवढं म्हणून त्या उरलेले जिने उतरल्या.

मग त्या मला घेऊन चाळीत गेल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हॉल भरला होता आणि लोक तापले होते. संदीप नावाचा तरुण, अंधेरीला एका गोदामात कामाला, तो सगळ्यात पुढे. "मॅडम, माझा खाडा पडला. आईला पाठीवर घेऊन चढलो मी. कशासाठी? हारासाठी? तुमच्या प्रयोगाची वाट लागली ना, मग तो भोंगा आता काढा." मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हातारीच्या प्लॅस्टरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मशीनची नाही, ह्या परबची नाही, माझी. पेटी आता बाजूला, मोकळ्या पाण्यावर लावलीय. पण भोंगा मी काढणार नाही. पाणी येणार आहे, ते माझ्या चुकीमुळे यायचं थांबणार नाही. तुम्ही पुन्हा उठाल की नाही, हे माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे की भोंगा वाजला की मी इथे येणार आणि चाळीतल्या सगळ्यात खालच्या घरात बसणार. शेवटचा माणूस निघेपर्यंत हलणार नाही."

शेट्येकाकू मागून म्हणाल्या, "सगळ्यात खालचा घर म्हणजे माझा. मगे चाय कोण करतलो?" थोडे लोक हसले. संदीप हसला नाही.

मी परतताना त्यांच्याशी भांडलो. ज्या बाईला तीन जिने चढवत नाहीत तिने पुरात जाऊन बसायचं वचन द्यावं, याला मी मूर्खपणा म्हणालो. शब्दच तो वापरला. "लोकांना उठायला सांगायचं आणि आपण गच्चीवर कॉम्प्युटर बघत बसायचं, याला काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात दुसरा भोंगा वाजला. मॅडम वर्गात होत्या, गच्चीवरून इशारा येताच फळ्यावर अर्धं समीकरण सोडून निघाल्या. मी स्कूटर काढली. आम्ही पोचलो तेव्हा अर्धी चाळ निघाली होती आणि अर्धी दारात उभी राहून निघालेल्यांकडे बघत होती. मॅडम सरळ शेट्येकाकूंच्या खोलीत गेल्या आणि कॉटवर बसल्या. त्या बसल्यात हे गल्लीत पसरलं आणि एकेक दाराला कुलूप लागायला लागलं. शेवटी राहिला संदीप. हाताची घडी घालून समोरच्या आपल्या उंबऱ्यात उभा, आई आत.

"आधी पाणी दाखवा, मग उठतो."

"पाणी दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. तू थांबणार असशील तर थांब, मीही थांबते. फक्त एक सांगते. तू तरणा आहेस, पळशील. माझी हृदयाची झडप गेलीय, मला पळता येत नाही."

संदीपने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "च्यायला, मॅडम, हे चीटिंग आहे," तो म्हणाला, आईला पाठीवर घेतलं आणि एका हाताने मॅडमना उठवलं.

पाणी वर आलं. गल्लीच्या खालच्या पायरीला लागलं, पुढच्या पायरीवर चढलं, आणि तेवढ्यात भरती फिरली. एकाही घरात थेंब गेला नाही. संध्याकाळी लोक शाळेतून परत निघाले तेव्हा मॅडम व्हरांड्यात ताठ बसून होत्या. आता बोलणी खायची तयारी त्यांनी केली होती. शेट्येकाकू त्यांच्यासमोर येऊन थांबल्या. "आज पाणी नाय इला. उद्या येतला. तुमी वाजवा," म्हणाल्या आणि आपली पिशवी उचलून घराकडे चालू लागल्या. मॅडम रडल्या. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं. नंतर नाक पुसत म्हणाल्या, "पाणी आलं असतं तर काय, मी बरोबर ठरले असते एवढंच. आलं नाही, आणि तरी ही माणसं पुन्हा उठतील म्हणतायत. हे कुठल्या पेपरात लिहू मी, सांग?"

ऑपरेशन टाळता येईना तेव्हा त्या मुलुंडच्या एका हॉस्पिटलात दाखल झाल्या. तिथल्या सर्जननी त्यांना कॉम्प्युटरवर एक रंगीत चित्र दाखवलं. त्यांच्याच हृदयाच्या स्कॅनवरून काढलेलं, अरुंद झडपेतून रक्त कसं जोरात उसळतं आणि कडेला कसं भोवरे घेतं त्याचं. अशी चित्रं आता डॉक्टर ऑपरेशनआधी बघतात. मॅडम पलंगावर उठून बसल्या. "हे तर माझ्या खाडीचं तोंड आहे! समीकरणं तीच आहेत, डॉक्टर. हे कोणी सोडवलं? कडेला गणिताची जाळी जरा विरळ घेतलीय, त्याला सांगा." सर्जन म्हणाले, पावसाळा संपेपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. त्यावर मॅडमनी बरीच हुज्जत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा हरल्या. मला जाताना म्हणाल्या, "मी नसले की ते भोंगा उतरवायला येतील. गोड बोलून येतील. उतरवू देऊ नकोस, परब."

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर ताप आला, तो उतरेना, आणि मॅडम गेल्या.

कुर्ल्याला त्यांच्या भावाकडे बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदनाचा विधी झाला. चाळीला आपली वेगळी शोकसभा हवी होती, ती हॉलमध्ये ठेवली. रविवार सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवार धरला. त्या दिवशी उधाण आहे हे मला माहीत होतं, इतका पाऊस लागेल हे माहीत नव्हतं. प्राचार्य आले होते. फार सुंदर बोलले. मॅडमच्या ध्यासाबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले की आता त्यांच्या पश्चात हा उपक्रम तज्ज्ञ व्यक्तीविना चालवणं उचित नाही, सबब महाविद्यालय तो भोंगा सन्मानपूर्वक उतरवून संग्रहात ठेवील. काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. "सर, मॅडम काही संग्रहातली वस्तू नव्हत्या," असं मी सुरू केलं, आणि डोक्यावरच्या पत्र्यावर भोंगा वाजला.

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बायकांनी पोरं उचलली, पुरुषांनी म्हातारी माणसं. शेट्येकाकूंनी मॅडमचा फोटो हारासकट काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि काखेत मारला. मनगट मोडलेली ती म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. प्राचार्य मात्र खुर्चीतून अर्धे उठून म्हणत होते, "एक मिनिट, आपण आधी खात्री करून घेऊ या का?"

"खात्री शाळेत करू, सर. उठा," संदीप म्हणाला आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. मग तो एकटा खाली गेला, गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावलं, आत डोकावला आणि सगळ्यांच्या मागून चढून वर आला.

त्या दिवशी पाणी आलं. हॉलमध्ये खुर्च्या तरंगल्या, माइक गेला, शेट्येकाकूंच्या खोलीत कॉट छताला लागली. आत माणूस एकही नव्हता.