भाऊजींचं सागवानी इंजिन

भाऊजी गेल्याची तार मला गोंदियाला, मी शिकवतो त्या शाळेतच मिळाली. संध्याकाळच्या छोट्या लाइनच्या गाडीनं बालाघाट गाठलं. वाटभर कान इंजिनाकडेच... ही गाडी माझ्या ताईच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, वर्षानुवर्षं चालवली होती.

काही वर्षांपूर्वी ते डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि रेल्वेनं त्यांना इंजिनावरून उतरवून शेडच्या भांडारात बसवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं बैहरहून सागवानाचा ओंडका आला. नजर दिवसेंदिवस अंधुक होत होती; ती पुरती जायच्या आत आपलं इंजिन लाकडात उतरवायचं, एवढाच ध्यास. ताई करवादायची, "अवो, राह्यलेसाह्यले डोळे बी त्यातच घालता का?"

"डोळे जातीनच. हातांले तं याद आहे नं!"

हातभर लांबीचं ते इंजिन, पण बॉयलरच्या पोटात बांबूच्या कामट्यांच्या बारीक नळ्यासुद्धा बसवल्या. मी म्हटलं, "भाऊजी, झाकण लागल्यावर ह्या कोणाले दिसतीन?"

"दिसाले कायले पायजे, मास्तर? बिना नळ्यांची वाफ बनते का?"

चाकं उरली आणि दिसणं जवळजवळ थांबलं. मग ते चाक चाचपून घासायचे, कानाशी नेऊन फिरवायचे, खरखर आली की पुन्हा पॉलिश पेपर. एका दसऱ्याला काम पुरं झालं. ताईनं हळदकुंकू वाहिलं, त्यांनी बोटानं हलकेच ढकललं... सगळी चाकं, सगळ्या दांड्या एका लयीत, आवाज न करता फिरल्या. देवळातही मी असे हात जोडले नसतील.

गाडी पुढं-मागं न्यायचा केबिनमधला दांडासुद्धा हलायचा. इंजिनावरून उतरताना ड्रायव्हर तो मधोमध ठेवतो, तसा नियमच आहे. भाऊजींचा मात्र कायम समोर, गाडी पुढं न्यायच्या जागी. शेडमधले जुने सोबती चिडवायचे, "गाडी उभी अन् दांडा समोर? चार्जशीट भेटन, दादा!"

"मी उतरलो कुठं अजून?" भाऊजी म्हणायचे. हसायचे नाहीत.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, तेव्हा मी इंजिन ठेवलेल्या फडताळापाशी गेलो. दांडा मधोमध होता.

"ताई, तू हात लावला का याले?"

"मी काहून लावू?" ती फडताळापाशी आली. "जायच्या आदल्या सांजेले तेच बसलते इथं. गाडीची शिट्टी झाली, मंग उठले..."

याला आता महिना होत आला. ताई रोज इंजिन पुसते. दांड्यापाशी आली की फडकं बोटाला गुंडाळते आणि बाजूबाजूनंच फिरवते.