रस्टमोर्न खारघरला आले तेव्हा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्याच्या खिडकीत रंजिता घरत गेली अकरा वर्षं बसते. ट्रक काट्यावर चढला, पडद्यावरचा आकडा थरथरून थांबला, की ती पावती काढते आणि खिडकीतून हात बाहेर घालून ड्रायव्हरला देते. अंगात बहुतेक दिवस काळा टी-शर्ट. त्यावर कवट्या, गंजलेले मुकुट, नाहीतर कुणालाही वाचता येणार नाही अशा काटेरी अक्षरांत एखाद्या बँडचं नाव. ड्रायव्हर तिला ‘खोपडीवाली मॅडम’ म्हणतात. तिच्या शेठना तिच्या आवडीवर एकच विनोद सुचतो, “हेवी मेटल म्हणजे आपल्याच बाजारातला माल ना गं?” अकरा वर्षांत तो त्यांना जुना वाटलेला नाही, आणि रंजिता त्यावर एकदाही हसलेली नाही.

हा नाद तिला लागला दहावीत असताना, माहेरी, गव्हाणला. मिठागराची जमीन सरकारी भूसंपादनात गेली होती आणि बदल्यात मिळणाऱ्या प्लॉटवरून तिचे वडील आणि दोन काका रोज संध्याकाळी ओटीवर भांडायचे. मोठा भाऊ मितेश तेव्हा हळदीला स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा नुकताच सुरू करत होता. नवे बॉक्स तपासायला त्याने मुंबईहून कसली तरी सीडी आणली. रस्टमोर्न नावाच्या स्वीडनच्या बँडची. बेस तपासून झाल्यावर त्याने ती कोपऱ्यात भिरकावली. “नुसती बोंबाबोंब हाय.”

रंजिताने ती उचलली. एका संध्याकाळी काकांचा आवाज चढला तेव्हा तिने हेडफोन कानाला लावले, आणि घरातल्या तिन्ही पुरुषांपेक्षा मोठा आवाज तिला पहिल्यांदा सापडला. ओटीवर कोण कोणाला काय बोललं, ते त्या दिवशी तिला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती सवयच झाली.

ऐकणं घरात जमलं. प्रत्यक्ष जाऊन पाहणं मात्र काही केल्या नीट जमेना.

एकोणीस वर्षांची असताना तिने बेंगळुरूच्या एका मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं. त्याच दिवशी चुलतबहिणीची हळद निघाली आणि वडील म्हणाले, “घरचं कार्य टाकून पोरगी बेंगलोरला नाचायला जातंय? नाय.” ती हळद वाटायला पाट्याशी बसली. पुढे लग्न झालं, बेलपाड्याला आली. नवरा निकेश शांत माणूस. त्याला तिचं संगीत सहन होत नाही, पण तिने ऐकू नये असंही तो कधी म्हणाला नाही. मुंबईत एक कार्यक्रम झाला तेव्हा त्यानेच तिला दारापर्यंत सोडलं. दारावर सिक्युरिटीवाल्या बाईने तिचा खिळ्यांचा पट्टा काढून घेतला, पाण्याची बाटली घेतली, पर्समधली सेफ्टी पिनसुद्धा घेतली. आत गर्दी, आणि रंजिताची उंची पाच फूट. तीन तास तिने एका धिप्पाड माणसाची पाठ पाहिली. त्याच्या टी-शर्टवर त्या बँडच्या दौऱ्याची गावं छापलेली होती, ती तिला आजही क्रमाने पाठ आहेत. मग पुण्याचा एक कार्यक्रम. बस घाट चढत असताना मोबाइलवर मेसेज आला, ‘अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलला आहे.’ पुढची तारीख कधी आलीच नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात रस्टमोर्न भारतात येणार आणि तेही खारघरच्या मैदानावर, असं तिने वाचलं तेव्हा तिला आधी ते खोटंच वाटलं. बेलपाड्याहून रिक्षाने दहा मिनिटांवर! तिने दोन तिकिटं काढली. पण त्याच शनिवारी निकेशला कंपनीच्या कामासाठी नाशिकला जावं लागलं. एकटीने जायला तिची तयारी होती, पण सासूबाईंची नव्हती. शेवटी तिने मितेशला फोन लावला.

“दादा, शनिवारी मोकळा आहेस?”

“हलदच नाय या शनवारी. काय काम?”

“माझ्याबरोबर यायचंय. रस्टमोर्न.”

“ती बोंबाबोंब? अजून जिवंत हायत ते?”

तो आला मात्र. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात चेन. काळ्या कपड्यांच्या त्या रांगेत तो लग्नघरातून वाट चुकल्यासारखा दिसत होता. दारं चारला उघडणार होती, ती सहाला उघडली. कुठली तरी परवानगी यायची होती म्हणे. दोन तास उन्हात उभ्या असलेल्या लोकांना पाणी नव्हतं आणि रांगेतून बाहेर पडलं तर जागा जाणार होती. मितेशने सगळं मुकाट सोसलं. फक्त एकदा म्हणाला, “आपन हलदीला पंधरा मिनटं उशीर केला तर नवऱ्याचा मामा मारायला येतो. हितं कोनी मामा नाय का?”

आत गेल्यावर आणखी एक तऱ्हा. स्टेजसमोरची सगळी पुढची जागा कठडे लावून ‘लाउंज’ म्हणून राखून ठेवलेली. तिथे सोफे, उंच टेबलं, आणि स्टेजकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं. आयुष्यभर ही गाणी ऐकणारे कठड्याच्या मागे, पन्नास पावलांवर. साडेसहापासून प्रायोजकाचा लकी ड्रॉ चालला. निवेदक ओरडून ओरडून विचारत होता, “नवी मुंबई, आवाज कुठे आहे?” रंजिताला वाटलं, जाऊन त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा.

नऊला दहा मिनिटं कमी असताना रस्टमोर्न आले. सीडीच्या पाकिटावरची केसाळ पोरं आता साठीला टेकलेली होती. गायकाच्या डोक्याला टक्कल, ढोलवाल्याचं पोट सुटलेलं. पण रंजिताने प्रत्येकाला नावानिशी ओळखलं. पहिल्या गाण्याचा पहिला ठोका पडला आणि तिने छातीवर तो आदळण्याची वाट पाहिली.

काहीच आदळलं नाही. गिटार पत्र्यावर नख ओढल्यासारखी आणि ढोल रिकाम्या डब्यासारखे. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय, वीस वर्षं वाट पाहून पाहून आपण त्यातला रसच घालवून बसलो. तिने मितेशकडे पाहिलं. तो स्टेजकडे बघतच नव्हता. मान तिरकी करून दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या ढिगांकडे बघत होता.

“हल थोडी,” तो म्हणाला आणि गर्दीतून डावीकडे चालू लागला. ती मागोमाग. अगदी डाव्या टोकाला बेस धडाधड अंगावर येत होता. तिथून तो मधे आला, थांबला. बेस गायब. उजव्या टोकाला गेला, पुन्हा धडाधड.

“एका बाजूची वायर उलटी जोडलीय,” तो तिच्या कानाशी ओरडला. “हे ढकलतंय तवा ते ओढतंय. मधी सगळा बेस मरतो. माझ्याकडनं पयल्या वर्षी झालं होतं, करंजाड्याच्या हलदीत. दोन मिनटाचं काम हाय, रंजे!”

मैदानाच्या मध्यावर साऊंडवाल्यांचा कठडा होता. तिथे दारावर गळ्यात ओळखपत्र आणि कानाला हेडसेट लावलेली आयोजकांची बाई उभी होती. मितेशने तिला नीट, अदबीने सांगितलं. बाईने त्याच्या चेनकडे पाहिलं.

“तुम्ही कुठल्या कंपनीचे, सर?”

“कंपनी नाय. गव्हाणचा साऊंडवाला. लग्न, हलद, सगळी कामं करतो.”

बाईच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. “सर, हा इंटरनॅशनल सेटअप आहे.”

“असूं दे ना मॅडम. वायरीला काय माहीत ती कुठची हाय? तुमच्या मानसाला फक्त बोलवा, मी दाखवतो.”

“प्लीज, मागे व्हा.”

आता रंजिता पुढे झाली. “मॅडम, तुम्ही स्वतः चार पावलं बाजूला जाऊन ऐका. तुमच्याही कानांना कळेल. एवढी माणसं उन्हात उभी राहून आली आहेत.”

“मॅडम, तक्रार असेल तर ईमेल करा,” असं म्हणून बाईने हात केला आणि दोन सिक्युरिटीवाले मधे आले. त्यांच्या खांद्यांमधून रंजिताला आतला माणूस दिसत होता. बेस येत नाही म्हणून तो बटणं वर वर सरकवत होता. तो जितका वाढवी तितकी बाजूची माणसं कान झाकत होती आणि मधल्यांना काहीच मिळत नव्हतं. चूक काय, कुठे, किती वेळात सुटेल, हे त्या मैदानात निदान एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला दहा पावलांवर अडवून ठेवलं होतं. बेंगळुरू हुकलं तेव्हा ती रडली होती, पुण्याच्या घाटात मुकाट बसून राहिली होती. पण असा संताप तिला कधीच आला नव्हता. कठड्याची सळई तिने इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला.

मितेशने तिचा हात सोडवला. “चल. टोकाला जाऊन ऐकू. निदान अर्धं तरी मिळंल.”

टोकावरून स्टेज दिसत नव्हतं, स्पीकरचा ढीग आडवा येत होता. तिथे उभं राहून तिने उरलेली गाणी ऐकली. दहा वाजायला चार मिनिटं असताना गायक म्हणाला, आता शेवटचं, मोठं गाणं. रंजिता टाचा उंचावून उभी राहिली. ते अकरा मिनिटांचं गाणं त्या पहिल्याच सीडीवरचं होतं. सातव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात, एकटी गिटार उरते आणि मग ढोल परत येतात. तेवढ्या एका जागेसाठी ती आली होती. चौथ्या मिनिटाला, बरोबर दहाला, आवाज बंद झाला. कायद्याची वेळ संपली होती. गायकाचं तोंड हलत होतं, हात हवेत होते, आणि मैदानात फक्त पुढच्या लाउंजमधल्या ग्लासांची किणकिण.

दोन तास उशीर केला कोणी, आणि वेळ गेली कोणाची?

रविवारी तिने दोन पानी ईमेल लिहिलं. वायरीपासून पाण्यापर्यंत सगळं, मुद्दा एक, मुद्दा दोन करून. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, ‘आमच्यासोबतची संध्याकाळ तुम्ही एन्जॉय केली असेलच! किती तारे द्याल?’ तिने एक तारा दिला. त्यावर पुन्हा उत्तर आलं, ‘धन्यवाद!’ तिने मोबाइल उशीखाली कोंबला आणि जाहीर केलं की आता पुन्हा कुठल्याही कार्यक्रमाला जाणार नाही. निकेशने मान डोलावली. हे तो तिसऱ्यांदा ऐकत होता.

मितेशला मात्र चैन पडेना. मंगळवारी तो काट्यावरच येऊन उभा राहिला, मागे ट्रकची रांग असताना. “रविवारी दुपारी गव्हाणला ये. ते मोठं गानं घेऊन ये.”

रविवारी गोडाऊनसमोरच्या अंगणात त्याने बारा बॉक्स रचले होते. डावे, उजवे, प्रत्येक वायर स्वतः दोनदा तपासलेली. मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. “बस.”

पहिला ठोका पडला आणि रंजिताचे दात हलले. पोटात, बरगड्यांत, खुर्चीच्या पायांत, सगळीकडे तो होता. मितेश हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, वीस वर्षांत पहिल्यांदाच, ऐकत असल्याचा भाव होता. दुसरं मिनिट गेलं. तिसरं. पाचव्या मिनिटाला फाटकातून शेजारच्या कमळाबाई आत आल्या, पदर कमरेला खोचलेला.

“कोनाची हलद हाय रं मितेश? मना आवतन नाय ते?”

मितेशने गाण्याचा आवाज कमी केला. “हलद नाय, काकू. रंजीचं गानं हाय.”

“ह्याला गानं बोलतात?” कमळाबाईंनी रंजिताकडे पाहिलं, मग बॉक्सांकडे. “बाय, राग नको मानू. आमच्या नातीची उद्या बारावीची परीक्षा हाय. पोर कानात कापूस घालून बसलीय.”

मितेशने बटण दाबून गाणं बंद केलं. सहावं मिनिट नुकतंच लागलं होतं. रंजिता खुर्चीत तशीच बसून राहिली. रागवायलाही समोर कोणी नव्हतं. कमळाबाई निघाल्या तेव्हा ती उठली आणि त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली.

“काकू, शेवटचा पेपर कधी आहे तिचा?”

“अठरा तारखेला. का गं?”

“मग एकोणीसला मी येणार आहे,” रंजिता म्हणाली. “अकरा मिनिटं लागतील. तुम्ही मधे येऊ नका.”

कमळाबाईंनी क्षणभर विचार केला. “सकाली ये,” त्या म्हणाल्या. “दुपारी मी झोपतंय.”