दलदलीपलीकडची घरटी

पहिल्याच दिवशी गार्डच्या मनात पाल चुकचुकली. आमदार माणूस, आणि सोबत ना गाड्यांचा ताफा, ना फोटोग्राफर, ना पुढेपुढे करणारे चमचे! झिजलेले बूट, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. सकाळी सहाला जंगलाच्या फाटकाशी उभा राहून विचारतो, "गार्डसाहेब, आत येऊ का?" गार्डला साहेब म्हणणारा पुढारी कुणी पाहिलाय? पाणी कुठेतरी मुरत होतं, नक्की.

आणि गार्डचं तरी काय चुकलं म्हणा. दुधाने तोंड पोळलं होतं बिचाऱ्याचं. पूर्वी एका मंत्र्याला त्याने मोठ्या हौसेने पाणमांजरांची बिळं दाखवली, तर वर्षभरात तिथे मंत्र्याच्या मेहुण्याचं हॉटेल उभं! तेव्हापासून पुढारी दिसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्यात कळलं, हा आमदार आधी अठरा वर्षं जमिनीचा मोजणीदार होता. मग तर काय! चालताना तो ओठातल्या ओठात पावलं मोजायचा, वहीत आकडे टिपायचा.

"माप घेतोय लेकाचा," गार्ड बायकोला म्हणाला. "प्लॉट पाडणार बघ."

"अहो, सवय असेल. तुम्ही नाही का घरातसुद्धा पाय न वाजवता चालत? कितीदा दचकते मी."

पण संशयाला औषध नाही. एकदा गार्डच्या चौकीत चहा घेताना आमदाराने आपली कहाणी सांगितली. तरुणपणी गावाबाहेरचं तळं बुजवायचं ठरलं, तेव्हा मोजणी त्यानेच केली होती. "वडील त्याच तळ्यात होडी चालवायचे. माझ्याच नकाशावरून बुजवलं ते तळं. चार वर्षं बोलले नाहीत माझ्याशी." मग त्याने नोकरी सोडली. नगरपालिकेत निवडून आला, नदीत कचरा टाकणं बंद पाडलं, स्वतःच्याच पक्षाशी भांडला, एकदा सपाटून पडला, पुन्हा उभा राहून आमदार झाला. सांगताना त्याचे डोळे भरून आले. गार्ड मनात म्हणाला, वा! नाटकात असता तर नाव काढलं असतं.

सहा वर्षं आमदार येत राहिला आणि सहा वर्षं गार्डने त्याला अलीकडच्या अलीकडेच फिरवलं. "पलीकडे दलदल आहे साहेब, माणूस गिळते." दलदल कसली, गुडघाभर चिखल! त्यापलीकडे करकोच्यांची सतरा घरटी होती. आमदार मुकाट्याने मागे फिरायचा. घरट्यांची दरवर्षीची सरकारी नोंदवहीही तो चाळतो हे पाहून गार्डने तिथेही लिहिलं, पलीकडे घरटी नाहीत. दरवर्षी, स्वच्छ अक्षरात, खाली सही. आपण जंगल राखलं म्हणून त्याची छाती फुगायची.

मग जंगलातून रस्ता काढायचा प्रस्ताव आला, आणि तोही नेमका पलीकडून. नियम साधा होता, पण गार्डला तो कुणी सांगितला नव्हता: घरट्यांची नोंद असेल तिथून रस्ता जाणार नाही. समितीच्या सुनावणीला गार्डलाही बोलावलं. मागच्या बाकावर बसून तो वाट बघत होता, आता या मोजणीदाराचं खरं रूप बाहेर येणार.

आमदार उठला. "या रस्त्याला पहिल्यापासून मीच विरोध केला," तो म्हणाला. "पण सहा वर्षांच्या नोंदी वाचल्या. पलीकडे एकही घरटं नाही. कुणी म्हणेल, नोंदी चुकल्या असतील. या गार्डला मी ओळखतो. हा माणूस खोटं लिहिणार नाही. माझी हरकत मी मागे घेतो."

गार्डच्या पायाखालची जमीनच सरकली. तो ताडकन उठून ओरडला, "आहेत! सतरा आहेत!"

अध्यक्षांनी नोंदवही त्याच्याकडे वळवून दाखवली. "मग ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?" सभागृहात हशा पिकला. "हंगाम संपलाय, पक्षी गेलेत. असलीच घरटी, तर वाऱ्याने केव्हाच पडली असतील. रिकाम्या फांद्या बघायला समिती नेऊ का? प्रस्ताव मंजूर."

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. आमदार मागच्या बाकापर्यंत चालत आला. चिडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या तर गार्डला बरं वाटलं असतं.

"एवढी कुणापासून लपवत होतात, गार्डसाहेब?" त्याने हळूच विचारलं.

गार्डला वर बघवेना.

"तुमच्यापासून, साहेब."